चौथी सुई

आमच्या घरात कुणाच्या ताटात एकदम तीन भाकरी कधी पडल्या नाहीत. एक तर तेवढ्या असायच्याच नाहीत, हे खरं, पण असल्या तरी माझी सासू तिसरी वाढताना चौथीचा तुकडा मोडून वर ठेवायची आणि पुटपुटायची, "तीन तिगाडा, काम बिगाडा." मालक, मी आणि कडेवरची लेक असे तिघं मिळून कुठं निघालो की ती दारातून हाक मारून थांबवायची, अंगणातला एक खडा उचलायची आणि माझ्या मुठीत द्यायची. तो खडा म्हणजे आमच्यातला चौथा माणूस. सेलूच्या बाजारात एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात हा चौथा माणूस धरून मी कितीदा हिंडले असेन, त्याची गणती नाही. मेथीची जुडी बघायला मूठ उघडायची म्हटलं तरी आधी खडा कुठं ठेवायचा, हा प्रश्न पडायचा.

मी सोनपेठकडच्या एका खेड्यातली. सातवी पास झालेली, म्हणून माहेरी जरा लाडावलेली आणि तोंडाची तिखट. लग्न होऊन सेलूला आले ती रुळांच्या पलीकडे, जिनिंगच्या भिंतीमागच्या वस्तीत. कुडाच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यावर दगड. कापसाच्या हंगामात जिनातून रुई उडायची ती आमच्या पत्र्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर, भाकरीच्या पिठातसुद्धा यायची. मालक कापूस बाजारात हमाली करायचे आणि दिवाळीपासून होळीपर्यंत मी जिनात कापसातला कचरा वेचायला जायची. आमच्यासारखीच बौद्धांची घरं त्या ओळीत होती, पलीकडं दोन-चार घरं कामासाठी खेड्यातून आलेल्या मराठ्यांची आणि हटकरांची होती. गरिबी सगळ्यांची एकाच मापाची होती, त्यामुळं भांडणंही बरोबरीनं व्हायची.

छप्पन सालानंतर सासऱ्यांनी घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. सासूनंच टोपली डोक्यावर नेली होती. मरीआई गेली, सटवाई गेली, म्हसोबाचा शेंदरी दगड गेला. सासू हे मोठ्या अभिमानानं सांगायची. राहिला तो तीनाचा आकडा. तो काही देव नव्हता, मग त्याला नदीत कसं सोडणार?

मी एकदा तिला कोंडीत पकडायला गेले. म्हटलं, "आत्याबाई, आपण विहारात शरण जातो ते तीनदा म्हणतो. मग तिथं तिगाडा होत नाही का?"

ती चुलीतली राख ओढत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याच्या फुडं पंचशील म्हणतो की. तीनावर थांबतो का आपण?"

 सातवी पास असून अंगठेबहाद्दर सासूपुढं हरायची ती काही माझी पहिली वेळ नव्हती.

लेक झाली ती पावसाळ्याच्या शेवटी. सासूच्या मांडीवर ती इतकी रुळली की दूध पाजायलाच काय ती माझ्याकडं यायची. दिवाळी झाली, जिनाचा भोंगा सुरू झाला आणि मी कामावर जायला लागले. दुपारच्या सुट्टीत सासू पोरीला घेऊन जिनाच्या फाटकाशी यायची, मी भिंतीच्या सावलीत बसून पाजायची आणि मुकादम ओरडायच्या आत परत आत पळायची.

त्याच हंगामात नगरपालिकेच्या दवाखान्यात लहान लेकरांना सुया द्यायला सुरुवात झाली. दर बुधवारी सकाळी. आता बुधवारी सकाळी आमच्या वस्तीतली कोण आई घरी असणार होती? कुणी जिनात, कुणी बांधकामावर, कुणी सरकीची पोती शिवायला. दवाखाना उघडा असायचा तेव्हा आम्ही कामावर आणि आम्ही सुटायचो तेव्हा दवाखान्याला कुलूप. कामावर न गेलं तर त्या दिवसाचा रोज बुडायचा, आणि दोनदा खाडा झाला की मुकादम तिसऱ्यांदा आत घ्यायचा नाही. ज्यांनी ती वेळ ठरवली त्यांच्या घरच्या बायका सकाळी घरी असत असतील. मला त्याचा तेव्हाही राग यायचा आणि अजूनही येतो.

वर भीतीही होती. आणीबाणी नुकतीच उठली होती. गडीमाणसांना धरून नेऊन नसबंदी केल्याच्या गोष्टी अजून ताज्या होत्या. सरकारी जीप दिसली की वस्तीतले पुरुष हातातलं काम टाकून रुळाकडं पळायचे. आता लेकरांना सुया म्हटल्यावर बायका कुजबुजायला लागल्या, की हे पोरांचा पुढचा वंश बंद करायला निघालेत. त्यातच दवाखान्याच्या भिंतीवर पाटी रंगवलेली होती, दोन किंवा तीन मुलं पुरेत म्हणून. सासूला ती मालकांनी वाचून दाखवली तेव्हा ती वंशाचं सोडून भलत्याच गोष्टीवर चिडली. म्हणाली, "तीनावर पुरे म्हनत्यात? ह्यांच्या घरी कुनी म्हातारं माणूस न्हाई का?"

पण सुईला ती घाबरत नव्हती, हे सांगायला हवं. तिच्या दंडावर देवी टोचल्याचे नाण्याएवढाले वण होते. वस्तीतल्या बायका वंशाचं बोलायला लागल्या तर ती म्हणायची, "मपल्या नातीचा वंश बंद करायची सरकारला यवडी घाई कामून असंल? तिला आजून दात न्हाईत." आणि मी जिनात असताना पहिल्या बुधवारी पोरीला झोळीत घालून दवाखान्यात नेली ती तिनंच. सुई मांडीत दिली. संध्याकाळी पोरीला ताप भरला, मांडीवर गाठ आली. सासूनं वीट गरम करून फडक्यात गुंडाळून शेकलं, रात्रभर मांडीवर घेऊन बसली आणि सकाळी म्हणाली, "औषध लागलं म्हनायचं."

महिन्यानं दुसरी सुई झाली. त्या दिवशी जिनाचं यंत्र बिघडलं होतं म्हणून मीही बरोबर होते. परभणीहून लस यायची ती बर्फाच्या थर्मासमध्ये, एसटीनं. आम्ही बाकावर बसून एसटीची वाट बघत होतो. नर्सबाई पुण्याकडच्या होत्या. गोऱ्या, चष्मा लावणाऱ्या, बोलणं अगदी पुस्तकासारखं. स्टोव्हवर सुया उकळत ठेवून त्या आम्हा बायकांना समजावून सांगायला लागल्या. "ही त्रिगुणी लस आहे. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात, अशा तीन रोगांवर. तीन वेळा घ्यायची." पोरीला सुई देऊन झाल्यावर तिच्या गालाला हात लावून त्या मोठ्या प्रेमानं सासूला म्हणाल्या, "आता फक्त तिसरी राहिली हं, आजी. तीन झाल्या की संपलं."

सासूचा चेहरा मी बघितला. कुणी थोबाडीत मारावी तसा झाला होता. तिनं पोर उचलली आणि पायात चपलाही न घालता चालू पडली. मी तिच्या चपला हातात घेऊन मागून धावले.

घरी आल्यावर तिनं जाहीर केलं, "तिसरी द्यायची न्हाई."

आता ज्यांनी आमच्याकडची बोली ऐकलेली नाही त्यांना सांगते. आम्ही घरातले तांदूळ संपले म्हणत नाही, वाढले म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, शांत होतो. निघालेल्या माणसाला कुणी जा म्हणत नाही, ये म्हणतात. आणि इथं तर नर्सबाईंनी अंगावर पिणाऱ्या लेकराच्या गालाला हात लावून, तीन झाल्या की संपलं, असं म्हटलं होतं. त्या बाईंचा काही दोष नव्हता. त्यांना वाटलं, त्रास संपला असं सांगतोय. सासूला ऐकू आलं ते वेगळंच.

मी आधी हसण्यावारी नेलं. मग समजावलं. मग भांडले. "दोन झाल्यावर तिसरी नाही घेतली तर आधीच्या दोन्ही वाया जातील," असं मी आपलं ठोकून दिलं. मला तरी कुठं काय माहीत होतं? पण नर्सबाई तिन्ही पाहिजेत म्हणाल्या होत्या, तेवढं मला पुरेसं होतं. सासू म्हणायची, "दोन झाल्यात, बास. पोरगी चांगली हसायलीय, खेळायलीय. तिच्या मागं तीन कामून लावायलीस?"

मालकांना विचारावं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "तुमी दोघी काय ते ठरवा." दिवसभर पोती वाहणारा माणूस घरात शब्दांचं ओझं उचलत नसे. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या आईला तुम्ही सांगायचं नाही तर कुणी सांगायचं?" तर ते तंबाखू मळत बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आईपुढं ते असे लहान का होतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि मी त्यांना मनातल्या मनात शेळपट म्हणायची.

महिना उलटला. बुधवार आला. मी मुकादमाच्या हातापाया पडून सकाळची सुट्टी घेतली, डोक्यावर पदर घेतला आणि घरी आले तर सासू दारात पोरीला मांडीवर घेऊन बसलेली.

"कुठं निघालीस?"

"दवाखान्यात."

"ये जाऊन. लेकरू माझ्यापाशी हाय."

मी पोरीला उचलायला हात पुढं केले. तिनं दिली नाही. ओढाताण केली असती तर मी जिंकले असते, अंगात जोर माझ्याच होता. पण मध्ये लेकरू होतं. वस्तीतल्या बायका आपापल्या दारातून बघायला लागल्या. मी तशीच उलटी फिरले आणि जिनात गेले. त्या दिवशी मला सासूचा एवढा संताप आला होता की कापसातला कचरा वेचताना बोटांतून रक्त आलं तरी कळलं नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत एक तरुण जोडपं राहायचं. गंगाखेडकडून उसाच्या कामावरून इकडं आलेलं. नवरा विटा पाडायचा, बायको बांधकामावर घमेली उचलायची. तिचा मुलगा माझ्या लेकीपेक्षा थोडा लहान. गुबगुबीत, काळाभोर, हसला की डोळे मिटायचे. कामावर जाताना ती त्याला कधीकधी सासूकडं ठेवून जायची आणि सासू एका मांडीवर नात आणि एका मांडीवर हा, अशी बसायची.

ती शेजारीण सुईला घाबरत नव्हती की तीनाला. तिनं पोराला दोनदा दवाखान्यात नेलं होतं. पहिल्यांदा एसटी उशिरा आली, बर्फ वितळून गेला, लस तशीच परत गेली. दुसऱ्यांदा बर्फ होता, लस होती, नर्सबाई होत्या. पण लेकरं कमी होती. एका बाटलीत दहा-बारा लेकरांचं औषध असायचं आणि एकदा बाटली उघडली की उरलेलं टाकून द्यावं लागायचं. दोन-तीन पोरांसाठी बाटली उघडायची नाही, असं वरून सांगितलेलं होतं. "आणखी पोरं जमवून आण, मग देते," असं त्यांनी तिला सांगितलं. दोन वेळा खाडा करून ती बाई रिकाम्या हातानं परत आली. तिसऱ्यांदा गेली असती तर काम गेलं असतं. पोरं जमवून आण म्हणे! जत्रा होती का ती?

थंडी सरत आली आणि वस्तीत खोकला शिरला. आधी रुळाजवळच्या घरात, मग मधल्या ओळीत. एका संध्याकाळी आम्ही चुलीपाशी होतो. शेजारच्या कुडातून त्या लेकराच्या खोकल्याचा आवाज आला. साधा खोकला नव्हता. एकावर एक, एकावर एक, श्वास घ्यायला सवडच नाही, आणि मग छाती रिकामी झाल्यावर आत ओढलेला तो एक लांब, शीळ घातल्यासारखा श्वास.

सासूचा भाकरी थापणारा हात परातीत थांबला.  तव्यावरची भाकरी करपली, तरी तिनं उलटली नाही. मी उलटली.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतही नाहीत आणि आठवावेसेही वाटत नाहीत. सासू आपल्या नातीला माझ्या माहेरच्या एका नात्यातल्या बाईकडं, गावाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून आली. मी सकाळ-संध्याकाळ तिकडं जाऊन पाजून यायची. सासू स्वतः मात्र शेजारणीच्या खोलीत बसून राहिली. पोर निळं पडायला लागलं की ती त्याला पालथं धरून पाठीवर हात फिरवायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध दिलं. नर्सबाई स्वतः वस्तीत येऊन बघून गेल्या, त्यांचा चष्मा सारखा ओला होत होता. पण लेकरू फार लहान होतं. रात्रंदिवस खोकणाऱ्या त्या पोराचा जीव शेवटी खोकण्यातच गेला.

त्याला आंघोळ घातली सासूनंच. बापानं हातावर नेलं. शेजारीण रडली नाही, दारात बसून राहिली आणि जो येईल त्याला एकच सांगत राहिली, "म्या नेलतं हो. दोनदा नेलतं."

संध्याकाळी सासू घरी आली, दगडावर बसून अंगावर पाणी घेतलं आणि ओल्याच केसांनी चुलीपुढं येऊन बसली. मी चहा पुढं केला. तिनं कपाला हात लावला नाही. म्हणाली, "मपला तिसरा बी आसाच खोकलायचा."

मला एवढंच माहीत होतं की तिला दोन लेकरं. थोरली नणंद आणि आमचे मालक. तिसऱ्याचं नाव या घरात कुणी घेतलं नव्हतं.

"ह्याच्या पाठीवरचा," ती म्हणाली. "लय गोड होता. तवा ह्या खोकल्याची सुई न्हवती, काय न्हवतं. अंगारा आणला, गाढविणीचं दूध पाजलं, मरीआईला कोंबडं दिलं. चार लोकांनी चार सांगितलं ते समदं केलं. गेला. त्याच्यानंतर मला पुन्हा दिवस ऱ्हायले न्हाईत. सुईण मला बघून गेली अन् जाता जाता म्हनली, तीनावर संपलं बघ तुझं."

चुलीत लाकूड फुटलं. ती पुढं म्हणाली, "ती नर्सबाई अगदी तेच म्हनली गं माय. मपल्या नातीच्या गालाला हात लावून, तेच."

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. मला लाज वाटली नाही की पश्चात्ताप झाला नाही; मला तिला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि आमच्यात सासू-सुना तसं करत नाहीत म्हणून मी नुसती तिच्या केसांचं पाणी पिळत बसले. इतकी वर्षं मी ज्याला तिचा येडेपणा समजत होते, तो तिचा मुलगा होता. देव नदीत सोडता आले, त्याला कुठं सोडणार? आणि मालक आईपुढं लहान का होतात, तेही मला त्या संध्याकाळी समजलं. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण बराच वेळ तंबाखू मळल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सासू जाऊन पोरीला घेऊन आली. पोर ठणठणीत होती. तिला माझ्या हातात देत सासू म्हणाली, "बुधवारी जाऊ. तिसरी देऊन टाकू."

मी काही बोलायच्या आत तिनं बोट उचललं. "पर तीनावर थांबायचं न्हाई. चौथी पायजे."

"चौथी नसते, आत्याबाई. तीनच असतात."

"त्यांच्यात नसंल. आपल्यात असती."

"अहो, लेकराला जास्तीची सुई कशी देतील?"

"लेकराला कोण म्हनतंय?" तिनं लुगड्याचा पदर सारून दंड पुढं केला. तेच देवीचे वण असलेला. "मला टोचा म्हनावं. खडा समजा मला."

त्या बुधवारी दवाखान्यात बसायला जागा नव्हती. आदल्या महिन्यात ओस पडलेल्या त्या व्हरांड्यात बायका भिंतीला पाठ लावून दाटीवाटीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कडेवर लेकरू. कुणी जिनातून पळून आली होती, कुणी मुकादमाशी भांडून. बाटली उघडायला त्या दिवशी पोरं कमी पडली नाहीत. मला शेजारीण आठवली.

आमची पाळी आल्यावर सासूनं आपली मागणी सांगितली. नर्सबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं तर त्या म्हणाल्या, "आजी, ही लहान मुलांची लस आहे. मोठ्या माणसांना देत नाहीत."

"मग मोठ्या माणसाची द्या."

"पण कशासाठी?"

सासूनं माझ्याकडं बघितलं. हे तुझ्या शिकल्या-सवरल्या भाषेत सांग, असा त्या बघण्याचा अर्थ. मी सांगायला लागले. तीन तिगाड्याचं सांगितलं, भाकरीच्या तुकड्याचं सांगितलं, खड्याचं सांगितलं. मागच्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांच्याही घरी तेच होतं. तिसऱ्या मुलाचं मात्र मी बोलले नाही. ते सांगायचं असेल तर ज्याचं त्यानं सांगावं. नर्सबाई हसतील किंवा रागावतील असं मला वाटत होतं. मागं थांबलेल्या बायकांची रांग फाटकापर्यंत गेली होती, आणि नर्सबाईंनी "पुढं चला" म्हटलं असतं तर सासू पोरीला घेऊन निघून गेली असती. मी देवाला मानत नाही, पण त्या क्षणी कुणाला तरी काहीतरी मागत होते.

नर्सबाई सासूकडं बघत राहिल्या. त्यांनी तिला त्या लेकराला पालथं धरून बसलेली पाहिलं होतं. मग त्यांचं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. अनवाणी, भेगाळलेले, सरपण गोळा करताना ठिकठिकाणी कापलेले पाय.

"धनुर्वाताची सुई देते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मोठ्यांना देतात ती. तुम्हाला हवीच आहे."

"चौथी तीच ना?"

"हो. चौथी तीच."

"मग आसं करा, बाई. दोन्ही आधीच भरून ठेवा. तिची झाली की दम खायचा न्हाई, लगीच माझी. मदी तीनावर उभं ऱ्हायचं न्हाई."

नर्सबाईंनी खरोखर दोन पिचकाऱ्या भरून ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. मी पोरीची मांडी धरली. सासू बाही वर करून बाजूला उभी राहिली, निवडणुकीत मत द्यायला उभं राहावं तशी ताठ. पोरीला सुई टोचली, तिनं भोकाड पसरलं. आणि ते भोकाड वर चढायच्या आत नर्सबाईंनी दुसरी पिचकारी उचलून सासूच्या दंडात दिली. सासूनं तोंडातून आवाज काढला नाही. फक्त एक लांब श्वास सोडला.

"झालं, आजी," नर्सबाई कापूस दाबत म्हणाल्या. "आता सं..."

"आं!" सासूनं त्यांच्या तोंडापुढं हात धरला. "संपलं म्हनू नका. पुऱ्या झाल्या म्हना."

नर्सबाईंनी चष्मा सारखा केला. पोरीच्या गालाला हात लावून, अगदी पाठ केल्यासारखं म्हणाल्या, "पुऱ्या झाल्या."

मागं उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीची सासू पदर खोचत पुढं आली आणि विचारायला लागली, "आमच्यात बी द्याल का हो चौथी?" नर्सबाईंनी कपाळाला हात लावला, पण स्टोव्हवर आणखी एक सुई उकळायला टाकली.

संध्याकाळी मी जिनातून आले तर सासू गोधडी पांघरून पडलेली. दंड सुजून टम्म झालेला, अंगात ताप. शेजारी पोर पाय झाडत खेळत होती. मी घाबरून आधी पोरीच्या कपाळाला हात लावला. गार होतं. पहिल्या दोन्ही वेळी ती तापानं फणफणली होती, या वेळी काही नाही. मग सासूच्या कपाळाला लावला तर चटका बसला.

"बगितलंस?" ती गोधडीतून हसत म्हणाली. तापलेल्या माणसाला एवढं खूश मी कधी बघितलं नव्हतं. "तिचा ताप माझ्याकडं आलाय."

सासूचा ताप तिच्या स्वतःच्या सुईचा, पोरीकडून आलेला नव्हे, हे मला कळत होतं. सातवी पास होते मी. पण मी तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली.

"वीट गरम करू का शेकायला?" मी विचारलं.

"नगं. ऱ्हाऊ दे जरा." तिनं सुजलेला दंड दुसऱ्या हातानं हळूच धरला. लेकरू धरावं तसा. आढ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "त्या बखताला मला कुनी दंड मागितलाच न्हाई गं माय. मागितला असता, तर चार काय, अंगभर टोचून घेतलं असतं म्या."

मी चुलीपाशी गेले आणि भाकरी थापायला बसले. तिच्या ताटात दोन वाढल्या, तिसरी ठेवली आणि चौथीचा तुकडा मोडून वर ठेवला.